नऊ नंबरचा खांब

खडकदरी तांडा, ता. सेनगाव
१७ ऑगस्ट

दीक्षा,

राम राम. पुण्याला गेल्यापासून तुझा हात दोन ओळी लिहायलाही दुखतो, म्हणून मीच लिहिते. फोन का केला नाही म्हणशील. माझा फोन दिपकच्या हातात असतो. धाकटा भाऊ आहे, पण सध्या साऱ्या घराचा फौजदार झालाय, कोणाशी काय बोलले ते ऐकत बसतो. उत्तर पंचायतीच्या पत्त्यावर पाठव. माझी पेटी, शिडी आणि सोलर दिव्यांचं सामान तिथेच असतं.

तुझ्या रस्त्याची बातमी वाईट आहे. फाट्यापासून तुमची वस्ती आणि आमचा तांडा इथवर तू जे बावीस खांब उभे करून घेतलेस, त्यातले सात, आठ आणि नऊ नंबरचे दिवे कोणीतरी दगडानं फोडले. काचा रस्त्यावर पडल्या होत्या. दोन मी शिडी लावून बदलले. नऊ नंबरचा अजून आंधळाच आहे, त्याचं सामान पाठव. कोणी फोडले ते मला माहीत नाही, विचारू नकोस.

दिवे चांगले आहेत गं. तुझी बहीण साक्षी संध्याकाळच्या एसटीनं कॉलेजातून येते आणि फाट्यावरून एकटी गाणं म्हणत चालते. आपण दोघी आयटीआयला होतो तेव्हा असं कधी चाललो? म्हणून मला हे लिहायला जड जातंय, पण लिहिते.

आमची जमीन तुला माहीत आहे, रस्त्याला लागून लांबट पट्टी. खांब सहा ते सोळा आमच्याच बांधावर आहेत. सगळ्या शिवारात सोयाबीनला फुलं येऊन गेली, शेंगा धरायला लागल्या. आमच्या पट्टीत झाड कमरेला लागलंय, हिरवंगार, आणि फूल एक नाही. जिथे उजेड पोचत नाही तिथल्या टोकाच्या चार तासांना, चार ओळींना मात्र फुलं आहेत. बा म्हणजे माझा बाप तीन वेळा पंचायतीत जाऊन आला. सरपंच ग्यानबा सगळ्यांसमोर हसले, "लालसिंग, उजेडानं पीक बिघडतं हे कोन्त्या शाळेत शिकला?" बा ते हसणं अजून विसरला नाही.

एप्रिलमध्ये तू उजेड मोजायचं यंत्र घेऊन फिरत होतीस आणि मी मागे टेप धरून होते. तेव्हा दोन्हीकडे नुसती नांगरट होती. आता मला सांग, दिव्याच्या शेताकडच्या बाजूला वीतभर पत्रा लावला तर चालेल का? मी एका दिवसात अकराही खांबांना लावीन. तू फक्त हो म्हण. लवकर म्हण.

तुझी निता

---

पुणे
२५ ऑगस्ट

निता,

जयभीम. पत्र वाचून माझं डोकं फिरलं. दिवे फोडले, आणि तू मला पत्रा लावू का विचारतेस?

नीट ऐक. इथे लोकांना वाटतं लाइटिंगचं काम म्हणजे लग्नाचं डेकोरेशन. मी गेली सहा वर्षं शिकले ते वेगळं आहे. उजेड कुठे हवा, त्याहून जास्त कुठे नको. पाखरं बिचकू नयेत, किडे जळू नयेत, आकाश दिसावं, बॅटरी टिकावी, माणूस नसेल तेव्हा दिवा आपोआप मंद व्हावा. कंपन्यांच्या बागा आणि दगडी भिंती उजळण्यात माझी सहा वर्षं गेली, आणि प्रत्येक नकाशावर सही दुसऱ्याची. खडकदरीचा रस्ता हे माझ्या सहीचं पहिलं काम. दिल्लीच्या एका संस्थेनं ते बक्षिसाच्या शेवटच्या पाचात घेतलंय. ४ ऑक्टोबरला तीन परीक्षक प्रत्यक्ष बघायला येणार आहेत. मॅडम म्हणाल्या, हे जमलं तर आमच्या ऑफिसची प्रमुख डिझायनर मी.

तेव्हा चार तारखेपर्यंत एकाही खांबाला हात लावायचा नाही. पत्रा नाही, पोतं नाही, तार नाही. फोटोत ते ठिगळ दिसेल. सोयाबीनचं म्हणशील तर बियाणं तपासा. दरवर्षी कोणाचं ना कोणाचं बोगस निघतंच.

आणि हे दारूड्यांचं काम आहे, दुसरं काय? त्यांना अंधार हवाय. दहावीत असताना फाट्याजवळ आपल्याला ज्यानं धरलं होतं तो आठव. माझं तोंड त्यानं दाबलं होतं, त्याच्या बोटांना तंबाखूचा वास होता. तू दगडानं त्याचं कपाळ फोडलंस म्हणून आपण घरी पोचलो. मी या धंद्यात कशाला आले हे मॅडमना मी वेगळं सांगते, तुला खरं कारण माहीत आहे. त्या रस्त्यावर पुन्हा अंधार करणाऱ्याचे हात मोडले तरी मला वाईट वाटणार नाही.

माझ्या भावाला, सुरजला मी सांगून ठेवलंय. तो पोलीस भरतीसाठी रोज पहाटे त्याच दिव्यांखाली पळतो, त्यालाही राग आहेच. चार पोरं घेऊन तो संध्याकाळी रस्त्यावर फिरेल. जो सापडेल त्याला खांबाला बांधायचं आणि मग पोलिसांना फोन करायचा, असं मी स्वतः सांगितलंय. नऊ नंबरचं सामान पार्सलनं पाठवलं आहे. आधी तो लाव.

दीक्षा

---

खडकदरी तांडा
८ सप्टेंबर

दीक्षा,

सुरजचं तुला कळलंच असेल, तू नांदेडला निघाली असशील. हे पत्र मी तुमच्या साक्षीच्या हाती देते, ती उद्या डबा घेऊन दवाखान्यात येणार आहे. वस्तीतलं दुसरं कोणी आता माझ्या हातचं काही घेत नाही.

परवा दिवेलागणीला झालं. आमच्या भावकीतले पुंजाजीकाका रानडुकरं हाकायला गोफण घेऊन बांधावर गेले होते. वय पासष्ट. सुरज, तुझा चुलतभाऊ बुद्धभूषण आणि आणखी दोघांनी त्यांच्या हातातली गोफण पाहिली आणि चोर सापडला असं धरलं. नऊ नंबरच्या खांबाला त्यांना बांधलं, म्हशीच्या दाव्यानं. तो दिवा मी चारच दिवसांपूर्वी चालू केला होता, त्यामुळे मला लांबून सगळं दिसलं.

सुरजच्या हातात लोखंडी पाइप होता. "सांग, कोणी सांगितलं फोडायला? बोलतो का न्हाई?" काका म्हणत होते, "म्या डुकरं हाकून राहिलो बाबा, मला काहून मारता?" पाइप मनगटावर पडला तेव्हा आवाज आला. वाळलेली पऱ्हाटी मोडते तसा. मग गुडघ्यावर. काका ओरडले तसा अख्खा तांडा पळत सुटला. बा पुढे, दिपक मागे, बायाही काठ्या घेऊन. पुढचं मी नीट सांगू शकत नाही. बुद्धभूषणच्या डोक्यातून रक्त त्याच्या शर्टाच्या आत उतरत होतं आणि तो तरी बुक्क्या मारत होता. माझ्या याडीला, माझ्या म्हाताऱ्या आईला, कोणाचं तरी कोपर लागून दोन दात गेले. आमच्या एका पोराचं बोट चावून तोडलं. दगड दोन्हीकडून येत होते. आणि मग दिवा फुटला, आणि सुरज दोन्ही हात तोंडावर धरून खाली बसला.

कोणाचा दगड होता ते अंधारात कळलं नाही. सुरजनं जबाबात दिपकचं नाव घेतलंय. पोलिसांनी त्याला घरातून ओढत नेलं, चप्पलही घालू दिली नाही.

आता मागच्या पत्रात लपवलेलं सांगते. पहिले तीन दिवे बानं फोडले होते. मला माहीत होतं. मुलगी आहे, बापाचं नाव कसं घेऊ? पण पुंजाजीकाकांनी एक खडाही मारला नव्हता. त्यांच्या हाताच्या आत आता सळई घालणार आहेत.

तू पत्रा लावू दिला असतास तर. जाऊ दे. सुरजचा डोळा वाचला का तेवढं कळव. मी दोन दिवस भाकरी मोडली नाही.

निता

---

नांदेड
१३ सप्टेंबर

निता,

डोळा काढला. डावा. काल सकाळी.

आईला कोणी सांगायला तयार नव्हतं. शेवटी बाबांनी सांगितलं, तर तिनं बाबांच्याच तोंडात मारली. माझे बाबा, शेषराव, ज्यांच्या अंगाला गावात कोणी बोट लावलं नाही. ते तसेच उभे राहिले. सुरज भिंतीकडे तोंड करून पडलाय. त्याची भरतीची मैदानी परीक्षा तीन महिन्यांवर होती. एका डोळ्याचा पोलीस कोणी घेतं का?

तू भाकरी मोडली नाहीस म्हणे. मोड. पोटभर खा. माझ्या भावाचा डोळा गेलाय, तुझ्या उपासानं तो परत येणार नाही.

केस हाफ मर्डरचीच लागणार, मी इथूनच वकील बघितलाय. दिपकसमोर मला पाच मिनिटं उभी करा, दुसरं काही नको. त्याचा तो हात मला कोपरापासून तोडायचाय. हे मी लिहिते आहे, शिकलेली, पुण्यात नोकरी करणारी बाई, आणि मला लाज वाटत नाही. तुझ्या बापाला सांग, वस्तीकडे पाय ठेवू नको. पोरं तयार आहेत आणि मी त्यांना आवरणार नाही.

पुंजाजीकाकांचं वाईट झालं, ते मी नाकारत नाही. पण सोयाबीनची गोष्ट पुन्हा माझ्यासमोर काढू नकोस. दोन शेंगा कमी आल्या म्हणून माणसाचा डोळा फोडतात का? तू तीन आठवडे बाप लपवलास. तू तेव्हाच बोलली असतीस तर सुरजनं म्हाताऱ्याला धरलंच नसतं. या डोळ्यात तुझाही वाटा आहे.

मला पत्र लिहू नकोस.

दीक्षा

---

खडकदरी तांडा
२६ सप्टेंबर

दीक्षा,

लिहू नको म्हणालीस, तरी लिहिते. वाच, मग जाळ.

तू आवरणार नाहीस म्हणालीस, तशी पोरं आली. सोमवारी भर दुपारी आली. विहिरीवरचा स्टार्टर फोडला, पाइप तोडले आणि बाला तासात पाडून लाथांनी तुडवलं. दोन बरगड्या मोडल्या. बानं त्यातून उठून काय केलं असेल? दवाखान्यात जायच्या आधी ट्रॅक्टरला साखळी लावली आणि नऊ नंबरचा खांब मुळापासून उपटला. मग दहावा. मग अकरावा. रक्त थुंकत होता आणि उपटत होता. मी स्टिअरिंगला लोंबकळले तर मला ढकलून दिलं. आता फाट्यावर पोलिसांची गाडी उभी असते. आमच्याकडचं माणूस तुमच्याकडे जात नाही, तुमच्याकडचं आमच्याकडे येत नाही. तुम्ही सुरजला घेऊन वस्तीत आलात असं कळलं. अर्ध्या कोसावर आहेस आणि मी पत्र लिहितेय, ते अंगणवाडीच्या मिनाताई घेऊन येतील. त्यांना दोन्हीकडची लेकरं असतात, म्हणून त्यांना कोणी अडवत नाही.

आता ऐक. सुरजचा डोळा दिपकनं फोडला नाही. मी फोडला.

काकांची गोफण पोरांनी लांब भिरकावली होती, ती माझ्या पायाशी पडली होती. मी वीस पावलांवर होते. सुरजनं पाइप पुन्हा वर उचलला, या वेळेस डोक्याच्या अंदाजानं. मला वाटलं, काका आता मरतात. ओरडून उपयोग नव्हता, कोणालाच ऐकू येत नव्हतं. मी गोफण उचलली. सुरजवर नाही मारली, दीक्षा. दिव्यावर मारली. उजेड गेला की मारणाऱ्याला दिसणार नाही, हात थांबेल, एवढाच विचार होता. लहानपणी ज्वारीवरची पाखरं मी एका दगडात उठवायचे, नेम माझा चुकत नाही. दगड दिव्यालाच लागला. पण काच फोडून दिव्याच्या टोपणाच्या कडेला आपटला आणि खाली वळला. आवाज झाला म्हणून सुरजनं वर पाहिलं.

मीच लावलेला दिवा मीच फोडला आणि त्याच्याखाली तुझा भाऊ उभा होता.

घरी येऊन मी दिपकला सांगितलं, ठाण्यात जाते. त्यानं माझा गळा धरला. "तू आत गेली तर याडी मरंल. मह्यं नाव घेतलंच हाय सुरजनं, तर म्याच जातो." आणि पोलिसांनी ओढत नेलं तरी त्यानं माझं नाव घेतलं नाही. वीस दिवस झाले. आत त्याला मारलं असेल का ते मी विचारतही नाही.

मी रोज सकाळी ठाण्यात जायचं ठरवते आणि दुपारी याडीच्या तोंडाकडे बघून थांबते. तू सांग मी काय करू. तुझ्याशिवाय विचारायला मला कोणी नाही.

निता

---

खडकदरी, वस्ती
५ ऑक्टोबर

निता,

तुझं पत्र मी नऊ दिवस उशीखाली ठेवलं. काल सुरजनं विचारलं, "कोणाचं हाय गं ताई?" मी त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. सगळं. मला वाटलं तो भिंतीवर डोकं आपटेल. तो म्हणाला, "म्हाईत हाय मला."

मी विचारलं, काय माहीत आहे?

"गोफण फिरली तवा म्या तिकडंच पाहून राहिलो होतो. निताच होती. ती मह्याकडं पाहत नव्हती, वर दिव्याकडं पाहत होती." "तरी दिपकचं नाव घेतलं. एका पोरीनं गोफणीनं डोळा फोडला म्हणून कसं सांगू गावात? पोलीस होऊन राहिलो होतो मी."

मी त्याला हलवलं, ओरडले, जबाब बदल म्हणाले. नाही म्हणतो. दिपकनंही त्या दिवशी काठी चालवली होतीच, राहू दे आत, म्हणतो. मी त्याच्या कानाखाली मारली. एका डोळ्यावर पट्टी असलेल्या भावाच्या. आईनं मला घराबाहेर काढलं आणि मी रात्रभर बुद्धविहाराच्या ओट्यावर बसले.

आता माझं ऐक, कारण तू एकटीच खरं बोललीस असं राहायला नको. तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी मी शोधलं. पाच मिनिटांत सापडलं. खात्री करायला परभणीच्या एका शेतीच्या प्राध्यापकांना फोनही केला. ते म्हणाले, यात नवीन काय? सोयाबीनला फुलायला लांब रात्र लागते. रस्त्यावरचा दिवा अंगावर पडला तर झाडाला रात्र झाली असं वाटतच नाही, ते नुसतं वाढत राहतं. मंद केला तरी पुरे होतो तेवढा उजेड. शेताकडून झाकून टाका, म्हणाले. तू म्हणालीस तोच वीतभर पत्रा.

हे सगळं माहीत असताना मी तुला लिहिलं की बियाणं तपासा.

माझ्या नकाशावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काय लिहिलंय माहीत आहे? 'मोकळी जागा'. माझी आई केशरबाई वीस वर्षं त्याच शिवारात निंदायला गेली. तिच्या पाठीला बांधलेली मी त्याच तासांतून फिरले. आणि मी एप्रिलमध्ये यंत्र घेऊन आले, जमीन उघडी दिसली आणि लिहिलं, मोकळी जागा. पाखरांचा हिशेब केला, किड्यांचा केला, आकाशाचा केला. पिकाचा केला नाही. आणि कळल्यावर गप्प बसले, कारण परीक्षकांना चूक दिसली असती. सुरजच्या हातात पाइप कोणी दिला असेल तर मी दिला.

परीक्षक आलेच नाहीत. गावात बंदोबस्त आहे म्हटल्यावर मॅडमनी नाव मागे घेतलं. मॅडमना मी खरं अजून सांगितलेलं नाही. मला भीती वाटते, निता. हे काम गेलं तर माझ्याकडे दुसरं काही नाही.

तू ठाण्यात जाऊ नकोस म्हणवत नाही, जा म्हणवत नाही.

दीक्षा

---

खडकदरी तांडा
१३ ऑक्टोबर

दीक्षा,

मी गेले. तुझं पत्र वाचून दुसऱ्याच दिवशी. खरं सांगते, तुझा राग आला इतका की समोर असतीस तर तुझे केस धरून तुला त्या हिरव्या सोयाबीनमधून ओढत नेलं असतं. अकरा खांब, एक दिवस, वीतभर पत्रा. पुंजाजीकाकांचा हात, बाच्या बरगड्या, सुरजचा डोळा. मी त्या रागातच ठाण्याची पायरी चढले, नाहीतर चढलेच नसते.

साहेबांना वाटलं मी भावाला सोडवायला खोटं बोलते. शिपायांना हसू आवरेना. "बाई, पोरीचा नेम एवढा बराबर असतो काय?" मी म्हणाले, गोफण द्या. त्यांनी गंमत म्हणून जप्तीतली आणून दिली आणि आवाराच्या भिंतीवर पाण्याची बाटली ठेवली. पहिल्याच दगडात उडाली. हसणं थांबलं.

मला वाटलं आता झालं. तर साहेब खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "एवढा नेम हाय, मंग तू डोळ्यावरच मारला. दिव्यावर मारला, हे कोण सांगणार?"

समजलं का? नेम नाही म्हणाले तर दिपक आत राहतो. नेम आहे म्हणाले तर मी जाणूनबुजून डोळा फोडला. मी कुठे बघत होते हे पाहिलेला माणूस या जगात एकच आहे, आणि तो तुझ्या घरात बसून आहे.

त्याचं बोलणं तुझ्या अक्षरात माझ्याकडे आहे. ते पत्र त्या वेळेस माझ्या पिशवीतच होतं. काढून दिलं असतं तर सुरज खोटा जबाब देणारा ठरला असता, आणि तुझं सोयाबीनचंही सगळं उघड झालं असतं. मी काढलं नाही. चोरून कोणाला बुडवणं मला जमत नाही. साहेबांनी जबाब लिहून ठेवलाय, सही घेतलीय, आणि २१ तारखेला दिपकचा जामीन आहे हिंगोलीला, तेव्हा मला हजर राहायला सांगितलंय. तिथूनच मला आत घेतील असं वकील म्हणतात.

मी माफी मागत नाही. माफीनं काय होतं? त्याला एवढंच विचार, मी कुठे बघत होते.

निता

---

वस्ती, खडकदरी
१९ ऑक्टोबर

निता,

म्या सुरज. अक्षर वाकडं येऊन राहिलं, एका डोळ्यानं ओळ सापडत न्हाई. ताईला लिहून दे म्हन्लं तर न्हाई म्हन्ली, तुझं तूच लिही.

ताईनं परवा पुण्याला फोन लावला, समद्यांसमोर, मोठ्यानं. नकाशा चुकला हे मला आगस्टपासून म्हाईत व्हतं, असं मॅडमला सांगितलं. तिला कामावरून काढलं. फोन ठेवल्यावर तिनं पंचायतीतून शिडी आनली आन् उरलेल्या खांबायला पत्रे ठोकाया लागली. तुह्या बापानं तांड्यातून पाहिलं, पन आडवं कोनी आलं न्हाई. आता त्या पिकाला उपेग न्हाई, तरी ठोकते.

एकवीसला म्या येतो. तू दिव्याकडं पाहत व्हती हे सांगीन. दिपकचं नाव म्या खोटं घेतलं हे बी सांगीन. पुंजाजीला बांधून म्या मारलं, त्याच्या हातात दिवा फोडल्याचा काही पुरावा नसताना मारलं, हे बी सांगीन. मला बी आत घालतील. घालू दे.

पन एक ध्यानात ठेव. म्या तुला माफ केलं न्हाई. सकाळी उठून तोंड धुतो तवा हात त्या खड्ड्यात जातो आन् तुहं नाव येतं तोंडात. कोर्टात मह्याकडं पाहू नको, बोलू नको, पाया तर अजाबात पडू नको. खरं हाय म्हणून सांगून राहिलो, तुह्यासाठी न्हाई.

सकाळच्या साडेआठच्या एसटीत आमी दोघं भाऊबहीण बसू. तू दुसऱ्या गाडीनं ये.

सुरज